रंगनाथचा मुका पिंपळ

घोडेगावच्या पंचक्रोशीत कुणाच्या भिंतीत पिंपळ उगवला, की घरधनी पहिल्यांदा त्याच्याकडं काणाडोळा करतो. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला चीर पडते, तरी तो म्हणतो, बघू. पुढं त्या चिरेतून घरात उजेड यायला लागतो, आणि मग घरातली म्हातारी म्हणते, "आता रंगनाथाला बोलवा."

बाभूळ तोडायला किंवा लिंब छाटायला आमच्याकडं कुणी कुणाला बोलवत नाही. कुऱ्हाड घरोघरी आहे. पण पिंपळावर मुंजा असतो, उंबराखाली दत्त असतो, आणि वडाला हात लावला तर घरातल्या बायका जेवायला वाढत नाहीत. पाखरांना हे सगळं ठाऊक असावं. ती नेमकी याच झाडांची फळं खातात आणि नेमकी तिथंच बी टाकतात, जिथं झाड नको असतं. देवळाच्या कळसाला, गोदामाच्या पन्हाळीला, विहिरीच्या दगडात.

रंगनाथ घोडेगावच्या बौद्ध वस्तीतला. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो टर्नर होता. लेथवरच्या तापलेल्या लोखंडी किसानं त्याच्या हातावर बारीक बारीक डाग पडले होते आणि त्या डागांचाही त्याला अभिमान होता. छप्पन्न सालानंतर त्याच्या घरातून मुंजा, खवीस, म्हसोबा असे सगळे एकदमच उठून गेले होते. त्यामुळं भिंतीतला पिंपळ काढायला त्याला भीती नव्हती. माया मात्र होती. पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष. रंगनाथ झाड तोडत नसे, उचलत असे. छिन्नी-हातोडीनं भिंत हळूहळू उकलायची, मुळी न मुळी सोडवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि सायकलला बांधून घरी आणायची. लोकांची भिंत वाचायची आणि रंगनाथच्या अंगणात एक झाड वाढायचं.

वाढायचं म्हणजे खरं तर वाढायचं नाही. तीच तर गंमत होती.

झालं असं, की एकदा शिफ्ट सुटल्यावर रंगनाथ नगरमध्ये फुलांचं प्रदर्शन बघायला गेला. गुलाब, शेवंती बघून झाली आणि कोपऱ्यातल्या एका मेजासमोर तो जो उभा राहिला, तो हललाच नाही. घरी आला तेव्हा त्याची बायको भागिरथी भाकरी थापत होती.

"भागिरथे, आज मी वड बघितला. पारंब्यासकट. बशीत."

"बशीत वड?" भागिरथी म्हणाली. "मंग कपात काय हुतं?"

पण रंगनाथच्या डोक्यात बशी बसली ती बसलीच. ते मेज विजयमालाताईंचं होतं. नगरमध्ये त्यांच्या गच्चीवर अशा खुज्या झाडांची रांग होती. रंगनाथ त्यांच्याकडं जायचा, बघायचा, विचारायचा, आणि बाकीचं स्वतःच्या डोक्यानं करायचा. कुंड्या त्यानं पत्र्याच्या केल्या. फांद्या वळवायला जळक्या मोटारींतली तांब्याची तार आणली. कात्री तर त्यानं स्वतः घडवली. तिला अशी धार होती, की भागिरथी त्या कात्रीनं कोथिंबीर कापायची आणि रंगनाथ दोन दिवस तिच्याशी बोलायचा नाही.

हळूहळू त्याला झाडांचे स्वभाव कळले. वड बशीतही वडीलपणा सोडत नाही. पान जाड, पण छाटत गेलं की लहान होतं, आणि हवेत ओल असली की पारंब्या सोडतो. नांद्रुक तर खुज्या झाडांतलं गुणाचं लेकरू. पान मुळातच बारीक आणि चकचकीत, वळवाल तसं वळतं, कापाल तिथं फुटतं. उंबराचं मात्र अवघड. पान लहान होतं, खोड जुनं दिसतं, पण फळ काही ऐकत नाही. झाड वीतभर आणि त्याला उंबर लागलेलं गोटीएवढं, म्हणजे तान्ह्या पोराला मिशा आल्यासारखं. आणि पिंपळ सगळ्यांत नाठाळ. त्याला फक्त वर जायचं कळतं. पान तळहाताएवढं ते तळहाताएवढंच. दोन पानांत हातभर अंतर. फांदी कापली तर रुसतो, शेंड्यापासून वाळत खाली येतो.

वस्तीतले लोक रंगनाथच्या अंगणाला झाडांची बालवाडी म्हणायचे. वटपौर्णिमेला गावातल्या बायका तिथं यायच्या, कारण मोठा वड लांब ओढ्यापलीकडं आणि चिखल तुडवायचा कंटाळा. अंगण एवढंसं, फेऱ्या मारायला जागा नाही. मग भागिरथी वडाची कुंडी मधोमध उखळावर ठेवायची. एका वर्षी इतकं सूत गुंडाळलं गेलं, की वड दिसेनासा झाला आणि रंगनाथला तो सोडवायला रविवार लागला. गुरुवारी उंबराला कुणी ना कुणी फूल ठेवून जायचं. रंगनाथच्या अंगणात सगळ्यांचे देव पाणी पीत होते, आणि पाणी भागिरथी घालत होती.

तर असा रंगनाथ. त्याला एकच खोड होती. झाड ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. सगळ्यांचा चीक पांढराच, पण डोळे बांधा आणि पान हातात द्या, मी नाव सांगतो, म्हणायचा. एसटीतही शेजारच्या माणसाला सोडायचा नाही. "पिंपळाचं फळ कसं, सांगा? देठच न्हाई त्याला. काडीला चिकटून बसतं, जोडीजोडीनं. ध्येनात ठेवा." शेजारचा ध्यानात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडं बसायचा.

सोनईच्या रस्त्याला गोरक्षनाथ नानांचा मळा आहे. त्यांच्या दगडी विहिरीत, पाण्याच्या वर पुरुषभर उंचीवर, एक पिंपळ फुटला होता. तो पिंपळ आहे, हे नानांच्या वडिलांनी सांगितलं होतं आणि त्यानंतर कुणी पुन्हा बघायच्या फंदात पडलं नव्हतं. मुंजाच्या झाडाकडं टक लावून बघत नाहीत. नाना दर अमावस्येला विहिरीच्या काठावर दिवा लावत आणि मागं न बघता घरी येत. पण दगड ढासळायला लागले तेव्हा माघ महिन्यात त्यांनी रंगनाथला निरोप धाडला.

"तुमाला बरं हाय रंगनाथ," नाना म्हणाले, "तुमाला मुंजा धरीत न्हाई."

"धरीत आसंल बी, नाना. पन मी शिफ्टचा मानूस. घरी सापडाय तर पायजे त्याला."

ज्या विहिरीच्या काठाला रंगनाथच्या आज्याला उभं राहू देत नव्हते, त्याच विहिरीत नाना स्वतः दोर धरून रंगनाथला उतरवत होते आणि वरून "जपून रं बाबा, जपून" म्हणत होते. रंगनाथ दोराला लोंबकळत हसला.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"काई न्हाई नाना. आज्याची आठवन झाली."

नानांनी दोर आणखी घट्ट धरला.

झाडाला त्या दिवसांत एकही पान नव्हतं. पण खोड बघून रंगनाथचा जीव हरखला. बुंधा आखूड, गाठाळ, आणि मुळं दगडावरून मेणबत्तीच्या मेणासारखी ओघळलेली. एका दगडाला तर झाडानं अशी मिठी मारली होती, की रंगनाथनं तो दगडच सोबत काढून घेतला.

फाल्गुन सरता पालवी आली. लहान, तांबूस, बदामाच्या आकाराची. दोन वर्षांत झाडाचा असा डौल झाला, की बघणारा म्हणायचा, हे शंभर वर्षांचं झाड कुणी दुर्बिणीच्या उलट्या बाजूनं बघतंय. फांद्या दाट, पानं रुपयाएवढी. पानाची शेपटी मात्र आखूड होती. पिंपळाच्या पानाला कशी लांब, सुईसारखी शेपटी असते. रंगनाथ म्हणायचा, "पान ल्हान केलं की शेपटी आखूड हुती. ही माझ्या कात्रीची करामत."

विजयमालाताईंना त्यानं एकदा ती कुंडी रिक्षातून नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"रंगनाथराव, पिंपळ असा बसत नाही हो. देठ एकदा नीट बघा."

रंगनाथ घरी येऊन भागिरथीला म्हणाला, "ताई जळतेत माझ्यावर."

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात वस्तीतला विहार बांधून झाला. वर स्लॅब, खाली फरशी, पण दोन घरांच्या मध्ये चेंगरलेला. विहाराचं काम बघणारे काकासाहेब दारात उभे राहून हळहळले, "सगळं झालं, पन दारात बोधिवृक्ष लावाय वीतभर माती न्हाई."

"माती कशाला पायजे?" रंगनाथ म्हणाला. "बुद्धपौर्णिमेला मी आख्खा बोधिवृक्ष कुंडीत आनून मूर्तीम्होरं ठेवतो. आसा, की बघत ऱ्हावा."

हा शब्द त्यानं वस्तीत दिला, आणि मग एसटीत दिला, कारखान्यात दिला, शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात ओळखीच्या-अनोळखीच्याला दिला. पौर्णिमेला लांबलांबचे पाहुणे येणार होते. काकासाहेबांनी मूर्तीसमोर संगमरवराच्या तुकड्याचा चौथरा करून घेतला, रंगनाथच्या झाडासाठी.

वैशाखातली दुपार होती. रंगनाथला सुट्टी होती. भागिरथी सावलीत बसून तांदूळ निवडत होती आणि तो विहिरीतल्या त्या झाडाची शेवटची छाटणी करत होता. वाऱ्याची बारीक झुळूक आली. मागच्या भिंतीकडून टपटप टपटप आवाज सुरू झाला, पाऊस पडल्यासारखा.

मागच्या भिंतीशी रंगनाथचा नापासांचा वर्ग होता. बालवाडीत न बसलेली झाडं तिथं तेलाच्या डब्यांत पडून असायची. त्यांत एक पिंपळ होता, सोनईच्या एका गोदामाच्या छपरावरनं काढलेला. माणसाच्या छातीएवढा उंच, मध्येच एक बाक, आणि शेंड्याला मोजकी पानं, तळहाताएवढी. रंगनाथ त्याला दरवर्षी फेकून द्यायचा म्हणायचा. भागिरथी त्याला भांड्याचं पाणी घालून जगवायची. "दुपारचं घरात कुनी नसतं. तेवढाच बोलतो माझ्याशी," म्हणायची.

आता तो डब्यातला पिंपळ खुळखुळत होता. भागिरथीनं सुपातून मान वर केली आणि रंगनाथच्या हातातल्या झाडाकडं बघितलं.

"आवं, तुमचा पिंपळ मुका हाय का?"

"आं?"

"त्याच वाऱ्यात हाय की ह्यो बी. मंग बोलत का न्हाई?"

रंगनाथनं बघितलं. एक पान हलत नव्हतं. सगळी पानं शाळेत साहेब आल्यासारखी गप्प उभी होती.

"ल्हान पान हाय. ल्हान पान हलत नसतं," तो म्हणाला.

"तुमी तर उंचीनं माझ्यापरास ल्हान. तुमी गप बसता का?"

रंगनाथ हसला, पण कात्री खाली ठेवली. देठ बघितला. ताठ, लालसर. पानाची कड बघितली. बारीक लाटा. पानं बाजूला सारून जुन्या काडीशी बघितलं, तर तिथं मिरीपेक्षा थोडी मोठी, ठिपक्याठिपक्यांची फळं घोसानं लागलेली. पहिल्यांदाच आली होती. प्रत्येक फळाला इवलासा, पण स्वच्छ दिसणारा देठ होता.

ज्यानं अख्ख्या नगर-घोडेगाव एसटीला पिंपळाच्या बिनदेठाच्या फळाची शिकवणी दिली होती, तो माणूस त्या देठाकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो जेवणाच्या डब्यात एक फांदी घालून विजयमालाताईंकडं गेला. त्यांनी डबा उघडला आणि लगेच सांगितलं, "पायर. डोंगराकडं कड्याकपारीत येतो, खडकाला धरून. पिंपळाचाच चुलतभाऊ म्हणा. दगडात जगायची सवय, म्हणून कुंडीत असा छान बसतो. मी तुम्हाला म्हटलं होतं, देठ बघा."

"म्हनला हुता. मला वाटलं, तुमी जळता माझ्यावर."

"जळतेच थोडी," ताई म्हणाल्या. "एवढा देखणा पायर माझ्याकडं नाही."

हे ऐकून दुसऱ्या कुठल्याही दिवशी रंगनाथ उडतच घरी आला असता. त्या दिवशी तो एसटीत खिडकीशी बसला आणि शेजारच्याला एक अक्षर बोलला नाही. शेजारच्यानं काळजीनं विचारलं, "बरं न्हाई का आज?"

घरी भागिरथीनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग आता?"

"मंग काय. पौर्निमा तोंडावर आली. चौथरा बी तयार झालाय."

"न्या की हाच. बदामासारखं पान तर हाय. इतकी वर्सं तुमालाच कळलं न्हाई, लोकान्ला काय कळनार?"

ती हे टोमणा म्हणून बोलली, पण त्यात खरं होतं ते रंगनाथला टोचलं. कुणालाच कळलं नसतं. लोकांनी वाहवा केली असती. काकासाहेबांनी हार घातला असता. मूर्तीसमोर फुलं पडली असती, आणि रंगनाथला दर पौर्णिमेला तिथं हात जोडून उभं राहावं लागलं असतं, एका पायरासमोर, गप्प.

"कुनी दुसऱ्यानं फसवलं आसतं तर गोष्ट येगळी. मी कसं फसवू?" तो म्हणाला. "तथागत त्या झाडाखाली बसले न्हवते, भागिरथे."

"तुमच्या ह्या झाडाखाली तर मुंगीला बी बसाय जागा न्हाई," भागिरथी म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "माझा न्या."

"तो? तो काय झाड हाय? सायकलच्या पंपाला पानं फुटल्यागत दिसतो."

"पिंपळ हाय का न्हाई, तेवढं सांगा. नीट बघून सांगा आता."

रंगनाथ उठला. डब्यातल्या पिंपळाचा देठ बघितला, पानाची शेपटी बघितली. शेपटी लांब, सुईसारखी. देठ असा सुळसुळीत, की बोटात धरला तरी पान थरथरत होतं. त्याला बघायची गरज नव्हती, तरी तो बराच वेळ बघत बसला. "पिंपळ हाय," तो म्हणाला. भागिरथीनं पदरानं डब्यावरची धूळ पुसली आणि एक पान हळूच हातात घेऊन सोडून दिलं. तिचा दुपारचा सोबती जाणार होता.

बुद्धपौर्णिमेला विहार भरून गेला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या. नेमकी वीज गेलेली, पंखे बंद. रंगनाथ आणि भागिरथी दोघांनी मिळून कुंडी आणली. त्यांनी डबा बदलून उथळ पत्र्याची कुंडी दिली होती, मुळांची माती न मोडता. पण त्यामुळं झाड आणखीच उंच आणि आणखीच लंगडं दिसत होतं. संगमरवराच्या चौथऱ्यावर ते ठेवलं तेव्हा मागून कुणीतरी हसलं.

"रंगनाथ, ह्यो बोधिवृक्ष हाय का शेवग्याची शेंग?"

"बालवाडीतला न्हाई वाटतं. चवथी नापास दिसतो."

काकासाहेबांनी हळू आवाजात विचारलं, "आरं, ते विहिरीतलं कुठंय? आमी पाव्हन्यान्ला काय काय सांगितलं..."

रंगनाथनं घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला झाडाविषयी थोडक्यात बोलायचं होतं.

"ते झाड लई देखनं हाय. पन ते पिंपळ न्हाई, पायर हाय. मी वळखलं न्हाई. ह्यो दिसाय बरा न्हाई, पन पिंपळ हाय. वळखायला मी चुकलो, बोललेला शब्द चुकवायचा न्हाई. म्हनून ह्यो आनला."

पुन्हा हसायला सुरुवात होणार होती. पण पहिल्या रांगेत साळूआत्या बसली होती. वस्तीतली सगळ्यांत जुनी बाई, डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूसही तिला धूसर दिसायचं. उकाड्यानं ती पदरानं वारा घेत होती. तिच्या पदराचा तेवढाच वारा झाडापर्यंत पोचला आणि पानं खुळखुळली. टप टप टप.

साळूआत्याचा हात थांबला. पानं थांबली. तिनं पुन्हा पदर हलवला. पानं पुन्हा बोलली.

"कुनी आनला ह्यो?" तिनं विचारलं.

"मी, आत्या. रंगनाथ."

"खरा हाय गं बाई," आत्या शेजारणीला म्हणाली. "माझ्या म्हायेरच्या पारावर आसाच हुता. कधी म्हून गप बसला न्हाई."

मग शेजारणीनं पदर हलवून बघितला. मग तिच्या शेजारणीनं. थोड्या वेळात बायकांची अख्खी बाजू पदरानं वारा घालत होती, पोरं वह्यांनी घालत होती, बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं आणि आत तो नापास पिंपळ टाळ्या पिटल्यासारखा वाजत होता. काकासाहेबांनी वंदना सुरू केली, तरी तो मधूनमधून बोलतच राहिला. भागिरथी मागं उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी विहारात झाडू मारायला जायला लागली. झाडू लवकर व्हायचा, पण ती लवकर परत यायची नाही.

पायर अंगणात परत बालवाडीतल्या पहिल्या रांगेत बसला. रंगनाथ आठवडाभर गप्प होता. मग एका सकाळी एसटीत त्यानं शेजारच्याला विचारलं, "पायर आनि पिंपळ, फरक काय, सांगता?" आणि सगळ्या गाडीला कळलं, की रंगनाथ बरा झाला.

ही बातमी गोरक्षनाथ नानांपर्यंत जायला वेळ लागला नाही. नाना स्वतः रंगनाथच्या अंगणात आले, पायरासमोर उभे राहिले आणि त्याच्याकडं पहिल्यांदाच टक लावून बघितलं.

"म्हंजी मी इतक्या अवसंला दिवा लावला, तो कुनाला?"

"मुंजालाच की, नाना."

"आरं, पन पिंपळच न्हवता, तर मुंजा कुठला?"

रंगनाथनं थोडा विचार केला. "मुंजाला तरी काय म्हाईत, नाना? तुमच्या वडलांनी सांगितलं पिंपळ हाय, म्हून तो बी येऊन बसला आसंल."

नाना हसले नाहीत. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं. भागिरथीनं चहा आणला, तो त्यांनी तिथंच ओट्यावर बसून घेतला, आणि उठता उठता हळूच म्हणाले,

"विहिरीत पुन्ना फूट आलीया, रंगनाथ. राहिलेल्या मुळीला."

"पायर हाय तो. भ्यायचं काम न्हाई. तुमी बी उपटला तरी चालतंय."

"चालतंय ते खरं," नाना म्हणाले, आणि पायताण घालताना त्यांनी आणखी एकदा पायराकडं तिरका डोळा टाकला. "पन रविवारी तूच ये. दोर मी धरतो."